तणनाशक आणि शेजारधर्म

उसांत ‘२, ४-डी’ फवारिलें असतां माठ, गाजरगवत मरतें व ऊस तगतो, यांत चमत्कार नाहीं. हें द्रव्य वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाचें सोंग घेतें. रुंदपर्णी तणांची वाढ त्यामुळें बेताल होऊन तीं पिळवटून मरतात. तृणवर्गीय पिकें तें पचवून निरुपद्रवी करितात. याच कारणानें हरळीही वांचते.

परंतु कपाशी व द्राक्षवेल रुंदपर्णी असल्यानें त्यांस तें फार बाधतें. वाऱ्यानें उडालेल्या तुषारांनींही कपाशीचीं पानें आखडून पंजासारखीं होतात. सबब वारा सुटला असतां फवारणी करणें म्हणजे शेजाऱ्याचें पीक जाणूनबुजून बुडविणें होय, असें आमचें स्पष्ट मत आहे. शेतकरी बंधूंनीं वारा पडल्यावरच फवारावें व कपाशीकरितां पंप निराळा ठेवावा.