तेल राष्ट्राचे, कपात कामगाराची

मलेशियाची राष्ट्रीय तेल कंपनी पेट्रोनास हिने २०२५ च्या जून महिन्यात आपल्या नोकरवर्गापैकी दहा टक्के लोकांना कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. पाच हजारांहून अधिक माणसांच्या पोटाचा हा प्रश्न होता. २०२६ च्या अखेरपर्यंत नवी भरती बंद ठेवण्याचेही त्याच वेळी सांगण्यात आले. कंपनीचे प्रमुख तेंग्कू मुहम्मद तौफिक यांनी केलेल्या समर्थनाचा आशय असा होता की, हे पाऊल आज उचलले नाही तर दहा वर्षांनी पेट्रोनास शिल्लकच राहणार नाही. बुडीत गिरणीच्या मालकाच्या तोंडी शोभावे असे हे विधान आहे. परंतु ज्या कंपनीबद्दल ते करण्यात आले, तिचा २०२४ सालचा करोत्तर नफा ५५.१ अब्ज रिंगिट होता आणि त्याच वर्षी तिने सरकारी तिजोरीत ३२ अब्ज रिंगिटांचा लाभांश भरला होता. आदल्या वर्षी नफ्याचा आकडा ८० अब्जांच्या पुढे होता. तो घसरला, हे खरे. परंतु नफा कमी होणे आणि तोटा येणे यांतील फरक हिशेबनिसाइतकाच कामगारालाही कळतो.

तेव्हा प्रश्न केवळ पाच हजार नोकऱ्यांचा नाही. तेलासारखी संपत्ती राष्ट्राच्या मालकीची झाल्यावरही तेजीचे फळ एकाला आणि मंदीचा भार दुसऱ्याला, ही वाटणी कायम का राहते, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मलेशियाच्या तेलाच्या इतिहासातच सापडते.

मिरीपासून १९७४ पर्यंत

सारावाकमधील मिरी गावाजवळच्या टेकडीवर १९१० च्या डिसेंबरात पहिल्या विहिरीला तेल लागले. ती विहीर शेल कंपनीची होती. तेथून पुढे सहा दशके त्या देशातील तेलाचा व्यापार परकीय मक्तेदारांच्या हाती राहिला. १९७३ साली अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव भडकले, आणि तेल उत्पादक देशांना आपल्या जमिनीखालच्या संपत्तीची किंमत नव्याने कळली. मलेशियाने १९७४ साली पेट्रोलियम विकास कायदा करून देशातील सर्व तेल व वायू यांची मालकी आणि ते काढण्याचा एकमेव अधिकार पेट्रोनासकडे सोपवला. शेल आणि एक्सॉन (त्या वेळची एसो) यांना १९७६ पासून सवलतदार म्हणून न राहता उत्पादन-वाटणी कराराखाली काम करणे भाग पडले.

ह्या पावलाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. जो नफा पूर्वी लंडन व हेगकडे वाहत होता, त्याचा मोठा हिस्सा देशात राहू लागला. मलेशियन तरुण अभियंते झाले, भूगर्भशास्त्रज्ञ झाले. बिंतुलू येथून १९८३ साली द्रवरूप नैसर्गिक वायूचे पहिले जहाज जपानला रवाना झाले. पेट्रोनास पुन्हा बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या स्वाधीन करावी, असे कोणाही पुरोगामी माणसाला वाटणार नाही. टीका करायची ती हे सर्व मान्य करूनच केली पाहिजे.

मालक कोण?

त्याच १९७४ च्या कायद्याने कंपनीचे नियंत्रण थेट पंतप्रधानांकडे दिले. कामगारांना, उत्पादक राज्यांच्या जनतेला किंवा संसदेला दैनंदिन कारभारात स्थान ठेवले नाही. त्याचे परिणाम लवकरच दिसले. हाँगकाँगमधील बुडीत कर्जांच्या घोटाळ्याने डबघाईस आलेल्या बँक बुमिपुत्राला सावरण्यासाठी १९८४ साली पेट्रोनासचा पैसा ओतण्यात आला, आणि १९८९ साली पुन्हा तेच झाले. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर पंतप्रधान महाथिर यांच्या पुत्राची कर्जात रुतलेली जहाज कंपनी पेट्रोनासच्या जहाज कंपनीने विकत घेतली. कुआलालंपूरमध्ये ४५२ मीटर उंचीचे जुळे मनोरे उभे राहिले. २०१९ साली सरकारने नेहमीच्या २४ अब्ज रिंगिटांखेरीज ३० अब्जांचा विशेष लाभांशही कंपनीकडून घेतला. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे भाव शंभर डॉलरच्या वर गेले, तेव्हा लाभांश ५० अब्जांवर पोहोचला.

आता ह्याच्या जोडीला मंदीची वर्षे ठेवावीत. २०१४ च्या मध्याला पिंपामागे शंभर डॉलरच्या वर असलेला भाव २०१६ च्या जानेवारीत तीस डॉलरखाली गेला. शेलने मलेशियातील १,३०० जागा दोन वर्षांत कमी करण्याचे सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर केले. पेट्रोनासने २०१६ मध्ये सुमारे हजार लोकांना घरी पाठवण्याचे ठरवले. खाजगी बहुराष्ट्रीय कंपनी आणि राष्ट्रीय कंपनी यांनी संकटाला दिलेले उत्तर एकच होते. भाव चढला की पैसा तिजोरीत, बँकेत आणि मनोऱ्यात जातो; भाव उतरला की काटकसर मजुरीत होते. हा नियम कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही, पण तो कायद्याहून काटेकोरपणे पाळला जातो.

राज्ये भांडतात, मजूर मोजलाच जात नाही

तेलाच्या उत्पन्नावरून मलेशियात मोठा राजकीय झगडा चालत आला आहे. राज्यांच्या वाट्याला पाच टक्के रॉयल्टी येते. १९९९ च्या निवडणुकीत तेरेंगानू राज्यात विरोधी पक्ष जिंकला, तेव्हा केंद्राने २००० साली त्या राज्याची रॉयल्टीच बंद केली आणि ‘वांग इहसान’ म्हणजे सदिच्छा-निधी ह्या नावाने तो पैसा स्वतःच्या यंत्रणेमार्फत खर्च करण्यास सुरुवात केली. हक्काचा पैसा दयेचा झाला. सारावाकने रॉयल्टी वाढवून मागितली, २०१९ पासून पेट्रोलियम पदार्थांवर पाच टक्के विक्रीकर बसवला, स्वतःची पेट्रोस ही कंपनी काढली, आणि २०२४ साली तिला राज्यातील वायूच्या खरेदी-विक्रीचा एकाधिकार दिला. ज्या राज्याच्या समुद्रातून वायू निघतो, त्याच्या अंतर्भागातील गावे रस्त्याविना राहावीत हा अन्याय आहे, आणि सारावाकच्या जनतेची मागणी न्याय्य आहे.

परंतु क्वालालंपूर आणि कुचिंग यांच्या ह्या वादात फलाटावर काम करणारा माणूस कोठेच नाही. वायू पेट्रोनासने विकला काय आणि पेट्रोसने विकला काय, त्या माणसाच्या नोकरीची शाश्वती दोघांच्याही करारनाम्यात नाही.

जी कपात मोजली जात नाही

समुद्रातील तेलाचे काम एका कंपनीचे नसते. वर राष्ट्रीय कंपनी, तिच्याखाली क्षेत्र चालवणारी कंपनी, तिच्याखाली मुख्य कंत्राटदार, मग पोटकंत्राटदार आणि सर्वांत खाली माणसे पुरवणारा ठेकेदार, अशी उतरंड असते. वेल्डर, मचाण बांधणारे, रंगारी, खलाशी, स्वयंपाकी हे बहुधा तळाच्या पायरीवर असतात. जितके दिवस समुद्रावर तितके दिवस मजुरी, हा त्यांच्यातील बहुतेकांचा हिशेब. नोव्हेंबर ते मार्च ह्या काळात ईशान्य मान्सूनमुळे दक्षिण चीन समुद्र खवळतो, कामे मंदावतात आणि ह्या माणसांची मजुरीही थांबते.

भाव कोसळला की वरच्या कंपनीने खर्चाला लावलेली कात्री प्रत्येक पायरीवर अधिक धारदार होत खाली येते. द्वीपकल्पीय मलेशियात १९८० पासून कपातीच्या भरपाईचे नियम आहेत: नोकरीच्या काळानुसार दर वर्षामागे १० ते २० दिवसांचे वेतन. पण त्यासाठी किमान बारा महिन्यांची सलग नोकरी लागते. जो सहा महिन्यांच्या कंत्राटावर आहे त्याला काढावेच लागत नाही. त्याचे कंत्राट संपते, इतकेच. त्याची गणना दहा टक्क्यांतही होत नाही. २०१८ साली सुरू झालेली बेकारी विमा योजना परदेशी मजुराला लागू नाही. म्हणून वर्तमानपत्रात छापून आलेला कपातीचा आकडा हा खऱ्या कपातीचा पाण्यावर दिसणारा भाग आहे.

मंदीत पैशाप्रमाणे सुरक्षिततेचाही प्रश्न उभा राहतो. जोहोर राज्यातील पेंगेरांग येथे पेट्रोनास व सौदी अराम्को यांनी भागीदारीत उभारलेल्या प्रचंड तेलशुद्धीकरण संकुलात १५ मार्च २०२० च्या रात्री स्फोट होऊन पाच कामगार मेले. सुमारे २७ अब्ज डॉलर खर्चून उभारलेल्या संकुलाला त्याआधीच्या वर्षी, एप्रिल २०१९ मध्येही, स्फोटाचा इशारा मिळालेला होता.

संघटनेचा मोडलेला कणा

एवढा मोठा उद्योग असूनही त्याविरुद्ध संघटित आवाज क्षीण का? त्याचे मूळ १९४८ मध्ये आहे. त्या वर्षी ब्रिटिश सत्तेने मलायातील अखिल कामगार महासंघाची नोंदणी रद्द केली आणि निरनिराळ्या धंद्यांतील कामगारांच्या एकत्र महासंघाला कायद्याने मज्जाव केला. महासंघाचे अध्यक्ष एस. ए. गणपती हे तंजावूर भागातून गेलेले, आझाद हिंद फौजेत काम केलेले कार्यकर्ते होते. शस्त्र बाळगल्याच्या आरोपावरून त्यांना ४ मे १९४९ रोजी कुआलालंपूरच्या पुडू तुरुंगात फाशी देण्यात आली. स्वतंत्र मलायाच्या राज्यकर्त्यांनी १९५९ च्या कायद्यात तीच चौकट ठेवली: संघटना एका आस्थापनेची, एका धंद्याची वा एका उद्योगाची असावी. फलाटावरचा वेल्डर आणि त्याच फलाटावरचा स्वयंपाकी ह्यांना एका छत्राखाली येणे त्यामुळे अवघड झाले. ही अट २०२४ च्या सप्टेंबरात दूर झाली. पण ७५ वर्षांत जे मोडले ते एका दुरुस्तीने उभे राहत नाही. देशातील शंभर कामगारांपैकी जेमतेम सहा जण संघटनेत आहेत.

मुंबई हाय दूर नाही

हे सारे परक्या देशाचे वृत्त म्हणून वाचून सोडण्यासारखे नाही. ज्या १९७४ साली पेट्रोनास जन्मली, त्याच वर्षी ‘सागर सम्राट’ने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हायच्या तेलाचा शोध लावला. दोन्ही देशांनी परकीय कंपन्यांकडून तेल सोडवून घेतले. दोन्हीकडे उतरंडही तीच निर्माण झाली.

२०२१ च्या मे महिन्यातील दोन घटना शेजारी ठेवाव्यात. महिन्याच्या आरंभी सारावाकच्या किनाऱ्यापलीकडे ‘नागा ७’ ही रिग कलली आणि पुढे बुडाली. माणसे वेळेवर उतरवल्याने तिच्यावरील १०१ जण सर्वच्या सर्व वाचले. १७ मे रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायजवळ पी-३०५ हे बार्ज बुडाले. वादळाचा इशारा आधीच मिळालेला असूनही ते समुद्रातच राहिले होते. ‘वरप्रदा’ ह्या टगवरील मृतांसह ऐंशीहून अधिक माणसे गेली. ती तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या फलाटांवर राबत होती, पण हजेरी होती कंत्राटदारांच्या पटावर. ह्यावरून मलेशियाची व्यवस्था निर्दोष ठरत नाही, हे पेंगेरांगने सिद्ध केले आहे. मात्र समुद्र सोडण्याचा निर्णय कोण, केव्हा आणि कोणाच्या खर्चाने घेतो, यावर माणसाचे मरण-जगणे ठरते, एवढे यातून निश्चित होते. आणि ज्याला उद्याच्या कंत्राटाची भीती आहे, तो आज किनाऱ्यावर परतण्याचा आग्रह धरू शकत नाही. कपात आणि अपघात ही दोन वेगळी प्रकरणे नाहीत.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायचे उत्पादन वाढवण्यासाठी ब्रिटिश बीपी कंपनीला तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून नेमण्यात आले. मालकी सार्वजनिक, कारभार मात्र खाजगी भांडवलाच्या मापाने, ही वाट इकडेही चालू आहे.

मागणी काय असावी?

तेलाचा भाव कोणा एका देशाच्या हाती नसतो, कंपनी टिकली तरच नोकऱ्या टिकतील, असा युक्तिवाद केला जातो. पहिला भाग खरा आहे, म्हणूनच दुसरा अपुरा आहे. भाव चढणार आणि उतरणार हे ठाऊक असेल, तर उतरत्या काळाची तरतूद चढत्या काळातच केली पाहिजे. मलेशियात १९८८ पासून तेलाच्या पैशातून राष्ट्रीय विश्वस्त निधी आहे. २०२१ साली महामारीची लस घेण्यासाठी तो उघडता आला. मग मंदीत कामगारांना कामावर ठेवून नवे कौशल्य शिकवण्यासाठी तसाच निधी का नसावा? विशेष लाभांशाचा एक हिस्सा कायद्याने वेतन-रक्षणासाठी राखून ठेवावा; कपातीच्या आकड्यात कंत्राटी कामगारांची मोजदाद सक्तीची करावी; कंत्राटदार बदलला तरी कामगाराचा सेवाकाळ अखंड धरावा; फलाटावरील सर्वांना, ते कोणत्याही ठेकेदाराचे आणि कोणत्याही देशाचे असोत, एका संघटनेत येण्याचा व धोका दिसताच काम थांबवण्याचा हक्क असावा. ह्या मागण्या बिंतुलूला जितक्या लागू, तितक्याच उरण आणि काकिनाड्यालाही.

संघटना स्वातंत्र्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ८७ क्रमांकाचा करार मलेशियाने मान्य केलेला नाही. भारतानेही केलेला नाही. तेव्हा दुसऱ्याच्या घरातील अंधाराकडे बोट दाखवण्याचा अधिकार कोणत्याच सरकारला नाही. तो अधिकार आहे तो दोन्ही समुद्रांवर घाम गाळणाऱ्या कामगारांना, आणि परकीय मक्तेदारांकडून सोडवलेले तेल खऱ्या अर्थाने जनतेचे करण्याचे उरलेले काम त्यांच्याच संघटित शक्तीने पुरे व्हावयाचे आहे.