आकाशवाणीचे श्रोते मोजावे कोणीं ?

तर्कशास्त्रांत शब्द हा आकाशाचा गुण मानिला आहे. म्हणून १९३५ सालीं म्हैसूरच्या एका प्राध्यापकांनीं आपल्या खासगी नभोवाणी केंद्रास 'आकाशवाणी' हें नांव दिलें, तें समर्पकच झालें. परंतु गुण आकाशाचा असला तरी त्याची किंमत आतां भूमीवर, लिलावांत ठरते. २८ ऑगस्ट २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें २३४ नव्या शहरांत मिळून ७३० खासगी एफ्. एम्. वाहिन्यांच्या लिलावास संमति दिली. त्या यादींत चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया यांच्या पंक्तीस आमचें वर्धाहि आहे. वाहिनी घेणारानें आपल्या ढोबळ उत्पन्नाचे शेंकडा ४ प्रतिवर्षीं सरकारांत भरावयाचे. उत्पन्नास जाहिराती हव्यात, आणि जाहिरात देणारा प्रथम विचारणार तें हेंच कीं, तुमचे श्रोते किती ?

वर्तमानपत्राच्या प्रती मोजतां येतात. गाण्यास लागलेले कान कसे मोजावे? २००७ सालीं मुंबई, दिल्ली, बंगळूर येथें, व पुढें कलकत्त्यास, एक श्रोतृगणना सुरू झाली. निवडक माणसांस वह्या द्यावयाच्या व कोणत्या वेळीं कोणती वाहिनी ऐकली हें त्यांनीं त्यांत टिपावयाचें, अशी तिची रीत. एका महानगरास वह्या अवघ्या ४८० च्या आसपास ! परीक्षेच्या उत्तरपत्रिका जन्मभर तपासणाऱ्या आम्हांस एवढ्यावरून कोट्यवधि लोकांच्या आवडीचा निकाल लावण्याचें धैर्य झालें नसतें. शिवाय नागपूर-वर्धा त्या गणनेंत नव्हतेंच. जेथें मोजणी नाहीं तेथें, मोजलेल्या शहरांत जें खपलें तेंच आणून ओतण्याचा मोह व्यापाऱ्यास होणार.

तर मग आवडीचा विचार सोडून विद्वानांनींच कार्यक्रम ठरवावे काय ? हा प्रयोग होऊन गेला आहे, व तो एका महाराष्ट्रीय विद्वानानेंच केला. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ सालीं नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा त्यांना मोठा अभिमान. त्या संगीतास आकाशवाणीवर त्यांच्या कारकीर्दींत जो मान मिळाला त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों. परंतु सिनेमाच्या गाण्यांवर त्यांची वक्रदृष्टि झाली, निर्मात्यांशीं वाद पडला, आणि तीं गाणीं आमच्या केंद्रांवरून जवळजवळ नाहींशीं झालीं. लोकांनीं तक्रार केली नाहीं. त्यांनीं कांटा फिरविला व सिलोन लावलें. महायुद्धांत दोस्त सैन्यासाठीं चालविलेलें प्रबळ केंद्र तेथें तयारच होतें. १९५२ सालींच तेथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी (हे २०२४ सालीं निवर्तले) दर आठवड्यास गाण्यांची क्रमवारी सांगत. ती रेकॉर्डांच्या विक्रीवरून व श्रोत्यांच्या पत्रांवरून ठरे. शेवटीं ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं सरकारनें 'विविध भारती' काढून तींच गाणीं परत आणिलीं. दहा वर्षांनीं, १ नोव्हेंबर १९६७ रोजीं, त्या सेवेवर जाहिराती आल्या, त्या प्रथम मुंबई, पुणें व नागपूर येथून. सुज्ञ वाचकांच्या घरीं तोपर्यंत मुलें दोन्हीं स्टेशनें तोंडपाठ सांगत असतील.

मोजणीची एक तिसरीहि रीत आहे, व ती आम्हांस अधिक पटते. १९५६ सालीं पुण्याच्या बाजूच्या पांच जिल्ह्यांतील १५० खेड्यांत 'रेडिओ ग्राम-मंडळें' स्थापिलीं होतीं. गांवचीं पंधरा-वीस माणसें एकत्र बसून शेती, आरोग्य असा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, व नंतर त्यावर आपसांत चर्चा करीत. असे वीस कार्यक्रम झाले. ज्या खेड्यांत रेडिओ होता पण मंडळ नव्हतें, तीं तुलनेसाठीं घेतलीं होतीं. मंडळांच्या गांवांत लोकांचें ज्ञान स्पष्ट वाढलेलें आढळलें, नुसत्या रेडिओच्या गांवांत फारसें नाहीं. युनेस्कोनें तो अहवाल १९५९ सालीं प्रसिद्ध केला. येथें 'किती जणांनीं ऐकलें' यापेक्षां 'ऐकून काय झालें' हें मोजलें.

आमच्या जिल्ह्याची गोष्ट जरा निराळी आहे. १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालेलें नागपूर केंद्र मध्यम लहरींवर, ५८५ किलोहर्ट्झवर, बोलतें. या लहरी जमिनीलगत दूरवर जातात, म्हणून त्या आर्वी-आष्टीसहि पोंचतात. एफ्. एम्. चें तसें नव्हे. तिचा आवाज निर्मळ, परंतु वाट सरळ रेषेची; टेकडी आडवी आली कीं संपलें. नागपूरच्या खासगी वाहिन्या सेलूस बऱ्या लागतील, कारंजा-घाडगेस त्यांचा भरंवसा नाहीं. वर्ध्यांत प्रक्षेपक झाल्यास जिल्ह्यास आपला जवळचा आवाज मिळेल. त्यावर चोवीस तास मुंबईचीच थट्टामस्करी व नवीं गाणीं लागलीं तर तो जवळचा कसा म्हणावा ? गाण्यांशीं आमचें भांडण नाहीं. केसकरांची गोष्ट वर सांगितली ती उगीच नव्हे.

खासगी वाहिन्यांस स्वतःच्या बातम्या देतां येत नाहींत. आकाशवाणीचीं बातमीपत्रें मात्र जशींच्या तशीं पुनःप्रक्षेपित करतां येतात. तथापि २०११ च्या धोरणांत हवामान, परीक्षा व प्रवेश, नोकऱ्यांच्या जागा, वीज-पाण्याच्या सूचना व आरोग्याचे इशारे हे विषय बातमी समजले जात नाहींत. एवढ्यावरहि पुष्कळ काम होईल. हिंगणघाटास पाणी कोणत्या दिवशीं येणार नाहीं, हें घरांतील बाईस सकाळीं सहाला कळलें तर तिचा दिवस वांचतो. आणि असें सांगणारी वाहिनी ती रोज लावील.

मात्र त्या यादींत कापसाचा भाव नाहीं. ज्या जिल्ह्याचा संसार कापसावर चालतो त्याच्या वाहिनीस बाजारचा भाव सांगण्याची मुभा स्पष्ट शब्दांत असावी, असें जिल्ह्यांतील बाजार समित्यांनीं माहिती व प्रसारण मंत्रालयास लिहून कळवावें. आम्हीं आपलें पत्र गेल्या सोमवारीं टाकलें.