कान देणाऱ्याचं काय?

अप्रेझलच्या मीटिंगमध्ये सर म्हणाले, "काम चांगलं आहे तुझं, पण टीममधून फीडबॅक आहे की तू लवकर सटकतेस." टीममधून म्हणजे कोणाकडून, हे सांगायचं नसतं. पण सहा जणांच्या टीममध्ये ते कळायला कितीसा वेळ लागतो? रोज दुपारी माझ्या डब्यातली भाजी वाटून घेते, तीच.

आता थोडा हिशेब. ऑफिस ठाण्यात, वागळे इस्टेटला. घर डोंबिवलीत. ऑफिसची वेळ साडेनऊ ते सहा. मी नऊला येते, पावणेसहाला निघते. म्हणजे रोज पंधरा मिनिटं जास्तच बसते. जॉइन झाल्यावर सरांना विचारूनच हे ठरवलं होतं. का, ते ठाणे-डोंबिवली करणाऱ्याला समजवावं लागत नाही. पावणेसहाला निघाले तर गाडीत निदान आत शिरता येतं. त्यानंतर निघाले तर दारात. आणि दारात उभं राहणं म्हणजे काय, हे ९ जून २०२५ ला सगळ्यांनी पाहिलं. मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी लोकलमधून रुळांवर पडले, त्यातले काही घरी परतलेच नाहीत.

"लवकर सटकते" या दोन शब्दांत यातलं काहीच नव्हतं. पाठीमागे केलेली तक्रार खोटीच असते असं नाही. मी सहाच्या आधी निघते, हे खरंच आहे. पण का निघते हे सांगणारी व्यक्ती तिथे नसते, त्यामुळे तक्रार पोचते आणि कारण वाटेतच गळतं.

मग सल्ले आले. दुर्लक्ष कर. तूही तिचं काहीतरी सांग. चॅटचे स्क्रीनशॉट ठेव. सगळ्यांचा रोख तिच्यावर. ऐकून घेणाऱ्या सरांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पण आपली भाषा बघा. कान भरणे, कान फुंकणे, कानाशी लागणे, हलक्या कानाचा. चुगलीच्या वाक्प्रचारांत तोंडापेक्षा कानच जास्त आहे. दोष कुठे असतो हे आपल्या आज्यांना आपल्या एचआरपेक्षा चांगलं माहीत होतं.

ज्या साहेबाला न विचारता, न तपासता ऐकायची सवय असते, त्याच्या केबिनबाहेर रांग लागतेच. त्याला घरबसल्या बातम्या मिळतात, आणि टीम एकमेकांकडे संशयाने बघत असली की त्याच्याकडे कोणी बघत नाही. याला फीडबॅक म्हणायचं?

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. इतक्या गंभीर प्रकरणातही तक्रार लेखी द्यावी लागते, आणि समितीला तिची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत समोरच्याला पाठवावी लागते. तिथे आरोप झालेल्याला आपली बाजू मांडता येते. आणि पंधरा मिनिटांच्या आरोपात मला ती मांडता येत नाही!

इथे एक फरक करायलाच हवा. जो आपला पगार ठरवतो, त्याच्याबद्दल आपण आडून बोलतो, कारण समोर बोललं तर नोकरी जाते. ती चुगली नाही. त्याला "तोंडावर बोल" सांगणं हा दुष्टपणा आहे. माझं म्हणणं बरोबरीच्यांबद्दल आहे, जिथे समोर बोलायला फक्त थोडा संकोच आड येतो.

मी सरांना विचारलं, "सर, माझ्यामुळे कुठल्या दिवशी, कुठलं काम अडलं?" त्यांना एकही दिवस सांगता आला नाही. वेळ त्यांनीच मान्य केली होती, हेही ते विसरले होते.

दुसऱ्या दिवशी तिला टपरीवर चहाला नेलं. "माझ्या निघण्याने तुला काही त्रास होतो का?" आधी ती गडबडली. मग म्हणाली, "अगं, तू गेलीस की तुझ्या क्लायंटचे फोन माझ्याकडे येतात. माझी सहा-दहाची कल्याण गाडी रोज चुकते."

म्हणजे तिचंही दुखणं खरं होतं, आणि तेही लोकलचंच. मला खरंच माहीत नव्हतं. कटिंग संपायच्या आत ठरलं की संध्याकाळचे फोन माझ्या मोबाइलवर वळवायचे. सहा महिने सर हे दोन्हीकडून ऐकू शकले असते, पण त्यांनी एकदाही आम्हाला समोरासमोर बसवलं नाही.

माझं रेटिंग बदललं नाही. ते आधीच वर गेलं होतं. तिच्यावरचा राग बराचसा गेला, सरांवरचा नाही.

हे वाचणाऱ्यांतले बरेच जण दोन-चार वर्षांत टीम लीड होतील. तुमच्याकडेही कोणीतरी येईल, दार हळूच लोटून घेईल आणि म्हणेल, "तुमच्या कानावर घालायचं होतं." तेव्हा एवढंच विचारा, "तिला सांगितलंस का?" नसेल सांगितलं, तर तिलाही आत बोलवा.