शौकिनाच्या मताचे मोल

ज्या मतांना समाजात किंमत दिली जात नाही, त्यांत चित्रपटांच्या आणि खेळांच्या शौकिनांची मते अग्रभागी असतात. पालघर-बोईसरहून मुंबईकडे धावणाऱ्या गाडीत कॉलेजकुमार आणि तारापूरच्या कारखान्यांतील उमेदवार कामगार व्हिडिओ गेममधील एखाद्या पात्रावर किंवा नव्या गल्लाभरू चित्रपटावर हमरीतुमरीवर येऊन बोलू लागले, की शेजारचा प्रौढ प्रवासी वर्तमानपत्रात तोंड खुपसतो. रिकामटेकड्यांची बडबड, एवढाच त्याचा निष्कर्ष असतो. हा निष्कर्ष घाईचा आहे.

शौकिनाचे मत नेहमीच उथळ असते असा इतिहासाचा दाखला नाही. १५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ प्रदर्शित झाला तेव्हा जाणकारांनी आणि व्यवसायातील धुरंधरांनी तो पडला असेच ठरवून टाकले होते. प्रेक्षकांनी तो निवाडा फिरवला आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात त्या चित्रपटाने पाच वर्षांहून अधिक काळ मुक्काम ठोकला. पंडितांना जे दिसले नाही ते पिटातल्या प्रेक्षकाला दिसले, असे अनेकदा घडते.

आजच्या शौकिनाचे म्हणणे तरी काय आहे? रोल-प्लेइंग, म्हणजे भूमिका घेऊन खेळायचे खेळ त्याला चित्रपटापेक्षा सरस वाटतात. या प्रकाराचा उगम १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे, कागद आणि संभाषण यांवर चालणाऱ्या बैठ्या खेळात आहे. पुढे तो संगणकावर आला. यात खेळणारा एक पात्र धारण करतो, त्याचे गुणावगुण ठरवतो आणि प्रसंगी निर्णय घेतो. त्या निर्णयांनी कथेचा शेवट बदलतो. २०१५ साली आलेल्या ‘अंडरटेल’ या खेळात समोरच्या प्रत्येक शत्रूला न मारता सोडून देण्याची मुभा आहे आणि मारल्यास त्याची आठवण खेळ ठेवतो. शौकिनाची कसोटी नेमकी येथे आहे. निवड दिली असेल तर तिचे परिणाम भोगावे लागले पाहिजेत, असे तो म्हणतो. गल्लाभरू चित्रपटावर त्याचा आक्षेपही हाच आहे. नायकाचा प्रवेश होताक्षणी निकाल लागलेला असतो, त्याला गमावण्यासारखे काही नसते आणि किती कोटी जमले हीच गुणवत्तेची खूण ठरते. हा आक्षेप एखाद्या नाट्यसमीक्षकाने घेतला असता तर त्याला विचार म्हटले गेले असते.

ही कसोटी परदेशातून आयात झालेली आहे असे मानण्याचेही कारण नाही. याच पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात, उन्हाळ्याच्या तोंडावर बोहाडा होतो. संबळाच्या ठेक्यावर रात्रभर देवांची, दैत्यांची, पशूंची सोंगे नाचतात. मुखवटा चढवणारा माणस कालपर्यंत शेतावर राबणारा असतो. अमुक सोंग अमुक घराण्याचे, अशी वहिवाट असते आणि ते सांभाळण्याची जबाबदारी त्या घराण्यावर असते. भूमिका घेणे म्हणजे काही बंधने पत्करणे, ही जाण येथे शतकानुशतके आहे. फरक एवढाच की बोहाड्यात सोंग घेणाऱ्याला सारे गाव पाहत असते. संगणकावर भूमिका घेणारा तरुण खोलीत एकटा असतो. त्याच्या निवडीबद्दल त्याला विचारणारे कोणी नसते. चिंता करायची तर या एकटेपणाची करावी.

खेळांविरुद्धची तक्रार सर्वस्वी खोटी आहे असे नाही. वेळेचा अपव्यय होतो, झोप उडते, अभ्यास मागे पडतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी तर कित्येक घरांत कर्ज शिरवले. म्हणूनच संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून अशा खेळांवर बंदी घातली. परंतु त्याच कायद्याने पैसे न लावता खेळायच्या खेळांना आणि ई-क्रीडेला मान्यता दिली, ही गोष्ट पालक सोयीस्करपणे विसरतात. जुगार आणि कथा यांतला भेद कायद्याला कळला. तो घरात आणि शाळेतही कळायला हवा.

याहून गंभीर प्रश्न भाषेचा आहे. हे खेळ संवादांनी आणि मजकुराने भरलेले असतात आणि त्यांत मराठीचा मागमूस क्वचितच लागतो. बोईसरचा मुलगा परभाषेत नायक होतो आणि घरी आल्यावर त्या अनुभवाविषयी बोलायला त्याच्यापाशी मराठी शब्द नसतात. पोलंडची लोकसंख्या चार कोटींच्या आत आहे. तेथील लेखक आंद्जेय सापकोव्स्की यांच्या कथांवर त्याच देशातील मंडळींनी ‘द विचर’ हे खेळ रचले, त्यांत पोलिश भाषा बोलती ठेवली आणि ते जगभर नेले. २०११ साली पोलंडच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना दिलेल्या भेटींत या मालिकेतील दुसरा खेळ होता. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे आठ कोटींवर आहेत. पुण्यातील एका चमूने २०२० साली ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवरचा खेळ जगासमोर ठेवला, तेव्हा कौशल्याची वाण नाही हे सिद्ध झाले. शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर बेतलेला ‘छावा’ २०२५ साली देशभर गाजला, पण तो हिंदीत. कथा आपली आणि वाणी परक्याची, ही सवय जडू देणे परवडणारे नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाची खरी परीक्षा आजच्या तरुणाच्या आवडीचे विषय मराठीत मांडता येतात की नाही, यातच आहे. त्यासाठी शासकीय योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. भाषेच्या शिक्षकाने निबंधाला ‘माझा आवडता नेता’ देण्याऐवजी एकदा ‘खेळात मी घेतलेला एक निर्णय’ हा विषय देऊन पाहावा. सार्वजनिक वाचनालयांनी महिन्यातून एक संध्याकाळ चित्रपट आणि खेळ यांवरील वादासाठी मोकळी ठेवावी. आवडले म्हणणे सोपे असते. का आवडले हे चारचौघांत, स्वभाषेत सांगावे लागले म्हणजे शौकिनाचा रसिक होतो. असे रसिक घडले तरच उद्या मराठीत चांगला खेळ रचणारा आणि चांगला चित्रपट मागणारा समाज उभा राहील. त्यांना रिकामटेकडे म्हणून झिडकारत राहिलो, तर बाजार आपली आवड त्यांच्या गळी उतरवील आणि त्याचा दोष त्या तरुणांवर ढकलण्याचा अधिकार मग कोणाला उरणार नाही.