यादीतला नंबर आणि कर्जाचा हप्ता

सीईटीचा निकाल लागून पर्सेंटाइल कळला, की घराघरांत एकच चौकशी सुरू होते: कुठलं कॉलेज कितव्या नंबरावर? मामा एक यादी पाठवतो, क्लासवाले दुसरी पाठवतात, आणि पेपरात पानभर जाहिरात येते, ‘पश्चिम भारतात तिसरे’. हा नंबर दिला कोणी आणि कशावरून, ते तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत असतं, नाहीतर नसतंच. एमबीएला निघालेल्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना सांगणं एवढंच, की दहा-पंधरा लाखांचा निर्णय त्या नंबरावर सोडू नका. यादीतून नावं टिपून घ्या आणि मग यादी मिटून ठेवा.

आपल्याकडची सरकारी यादी म्हणजे एनआयआरएफ, २०१६ पासून निघणारी. तिच्यात व्यवस्थापन संस्थांना शंभरपैकी गुण मिळतात ते असे: अध्यापन आणि साधनसुविधांना ३०, संशोधनाला ३०, विद्यार्थ्यांच्या निकालाला आणि नोकऱ्यांना मिळून २०, सर्वसमावेशकतेला १० आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १०. म्हणजे प्राध्यापकांच्या शोधनिबंधांचं वजन तुमच्या नोकरीपेक्षा जास्त. आयआयटींचे व्यवस्थापन विभाग या यादीत इतके वर दिसतात, त्याचं हेही एक कारण. पीएच.डी.ला जाणाऱ्यासाठी हे ठीक आहे. दोन वर्षांनी बँकेत किंवा कंपनीत रुजू व्हायचं आहे त्याने मात्र तिसऱ्या आणि आठव्या नंबरातल्या फरकासाठी झोप उडवून घेऊ नये. आणि फी? फी किती आहे, याला या यादीत गुणच नाहीत. सिडनहॅमचं सरकारी एमबीए आणि एखाद्या खासगी संस्थेचा पीजीडीएम यांच्या फीत कित्येक पटींचा फरक असतो. तुमच्या घरासाठी तोच पहिला निकष असायला हवा.

परदेशी याद्यांचं तर आणखी वेगळं. ‘फायनान्शियल टाइम्स’च्या जागतिक एमबीए यादीत आयआयएम अहमदाबादचं नाव दिसतं, पण ते तिथल्या एक वर्षाच्या, नोकरीचा अनुभव असलेल्यांसाठीच्या कोर्सचं. कॅट देऊन मुलं ज्या दोन वर्षांच्या कोर्सला जातात, तो त्याच पेपरच्या दुसऱ्याच यादीत असतो. शिवाय तिथले पगार डॉलरमध्ये मांडताना त्या त्या देशातल्या महागाईचा हिशोब धरतात, त्यामुळे भारतातला पगार बाजारभावाच्या तिप्पट-चौपट दिसतो. तो आकडा पाहून कोणी हुरळून जाऊ नये. याच जागतिक एमबीए यादीत अमेरिकेचं व्हार्टन २०२२ मध्ये पहिलं होतं, २०२३ मध्ये यादीतच नव्हतं आणि २०२४ मध्ये पुन्हा पहिलं आलं. वर्षभरात तिथलं शिक्षण बिघडून सुधारलं असं काही नाही. त्या वर्षी पुरेशा माजी विद्यार्थ्यांनी पाहणीचा फॉर्म भरला नाही, इतकंच.

बरं, कॉलेज जी माहिती भरून देतं ती खरी असते का? फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठाचं फॉक्स बिझनेस स्कूल. त्यांचा ऑनलाइन एमबीए ‘यूएस न्यूज’च्या यादीत ओळीने चार वर्षं पहिला. नंतर उघड झालं, की प्रवेश घेतलेल्या सगळ्यांनी जीमॅट दिल्याचं कॉलेजने कळवलं होतं, प्रत्यक्षात दिली होती जेमतेम पाचव्या हिश्श्याने. तिथले डीन मोशे पोरात यांच्यावर खटला चालला आणि २०२२ मध्ये त्यांना १४ महिन्यांचा तुरुंगवास आणि अडीच लाख डॉलर दंड झाला. डीन तुरुंगात गेले. त्या नंबराकडे बघून ज्यांनी प्रवेश घेतला, त्यांची फी तोवर भरून झाली होती.

मग बघायचं काय? एनआयआरएफच्याच संकेतस्थळावर प्रत्येक क्रमांकप्राप्त संस्थेने भरलेली माहिती पीडीएफमध्ये मिळते. नंबरापेक्षा हा कागद कितीतरी मोलाचा, आणि तो फारसं कोणी उघडत नाही. त्यात नोकऱ्यांचा तक्ता शोधा. किती जणांनी प्रवेश घेतला, किती वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेले आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार (सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) किती, हे तिथे वर्षवार दिलेलं असतं. समजा १२० जण पास झाले, ८४ जणांना नोकरी लागली आणि चौघे पुढे शिकायला गेले. उरलेले ३२ कुठे आहेत? जाहिरातीत हेच कॉलेज ‘प्लेसमेंट ९८ टक्के’ म्हणू शकतं, कारण मोजणी फक्त प्लेसमेंटसाठी पात्र ठरवलेल्यांची. प्रवेश समुपदेशकाला हा प्रश्न तोंडावर विचारा. उत्तर देताना तो किती अडखळतो, हीसुद्धा माहितीच आहे.

मध्यक पगाराकडे बोट ठेवायचं कारण साधं आहे. दहा मुलांपैकी नऊ जणांना सहा लाखांची नोकरी लागली आणि एकाला ४६ लाखांची, तर सरासरी निघते दहा लाख. पोस्टरवर दहा लाख छापलं तर ते खोटं नाही, पण दहातल्या एकालाही दहा लाख मिळालेले नाहीत. मध्यक सांगतो सहा. ‘सर्वाधिक पॅकेज’ हा आकडा तर वाचूच नका. ते एका मुलाचं असतं आणि तो मुलगा तुमचा असेल असं धरून घर गहाण टाकायचं नसतं.

आता कर्जाचा हिशोब. १५ लाखांचं शैक्षणिक कर्ज ११ टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचं, तर महिन्याचा हप्ता साधारण २५,७०० रुपये. शिकत असताना साठलेलं व्याज वेगळं. आठ लाखांच्या सीटीसीमधून पीएफ, ग्रॅच्युइटी आणि कामगिरीवर मिळणारा हिस्सा वजा केला, की हातात महिना साठ हजारांच्या आतच पडतात. त्यात मुंबईत किंवा पुण्यात खोलीचं भाडं आलं. म्हणून पहिल्या वर्षाचा मध्यक पगार दोन वर्षांच्या एकूण खर्चाच्या खाली असेल, तर माझ्या मते ते कॉलेज यादीत कुठेही असो, कर्ज काढून तिथे जाऊ नये. घरचे पैसे असतील तर गोष्ट निराळी.

एवढं करूनही दोन-तीन नावं बरोबरीची उरतील. तेव्हा दोन वर्षांपूर्वी पास झालेली, तुमच्याच शाखेतून आलेली दोन-तीन मुलं शोधा. बी.कॉम.वाल्याने बी.कॉम.वाल्यालाच विचारावं, कारण अनुभव असलेल्या इंजिनिअरला लागलेली नोकरी त्याला लागेलच असं नाही. महिन्याला हातात किती येतात, कंपनी कॅम्पसवर आली होती की स्वतः शोधली, आणि आज पुन्हा इथेच प्रवेश घेशील का, एवढंच विचारा. कॅप राउंडचा पर्याय अर्ज पक्का करण्याआधी ही पीडीएफ आणि हे फोन आटोपून घ्या. फेरीत जागा स्वीकारली, की मागे फिरायला वाव फार थोडा उरतो.