टक्केवारी मोजली, रात्र मोजायची राहिली

हिमाचल प्रदेशच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये भांगेच्या नियंत्रित लागवडीच्या प्रायोगिक अभ्यासाला मान्यता दिली. काम सोपवलं पालमपूर आणि नौणी इथल्या दोन विद्यापीठांकडे. शेजारच्या उत्तराखंडाने त्याआधीच, २०१८ मध्ये, देशात पहिल्यांदा औद्योगिक हेम्पच्या लागवडीला परवाना दिला होता. दोन्ही राज्यांतली चर्चा फिरते ती एकाच आकड्याभोवती : ०.३ टक्के. झाडात टीएचसी या नशा आणणाऱ्या रसायनाचं प्रमाण याच्या आत असेल तर ते हेम्प, म्हणजे धागा, बियाणं, तेल देणारं पीक. त्याच्या वर गेलं की कायद्याच्या लेखी गुन्हा. वनस्पती मात्र एकच, कॅनाबिस सटायव्हा.

हा आकडा आला कुठून? अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये वर्गीकरणाच्या सोयीसाठी तो सुचवला. ही रेषा आपण स्वेच्छेने ओढली आहे, निसर्गात ती नाही, असं त्यांनीच म्हटलं होतं. अमेरिकेच्या २०१८ च्या कृषी कायद्यानेही तोच आकडा उचलला. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातलं कलम १४ धागा आणि बियाण्यासाठी लागवडीची मुभा देतं. तेव्हा कायद्याची वाट आहे, टक्केवारी ठरलेली आहे, परवाने निघताहेत. अडतं ते शेतात, आणि तेही रोप वीतभर असतानाच.

कमी टीएचसीचं, खात्रीचं बियाणं प्रामुख्याने युरोपात तयार झालं. फ्रान्स, पोलंड, हंगेरी या देशांत, म्हणजे ४५ ते ५५ अक्षांशांच्या पट्ट्यात. तिथे ते पुरुषभर, त्याहूनही उंच वाढतं. तेच बियाणं दक्षिणेकडे आणून पेरलं की रोपं गुडघ्याएवढी असतानाच फुलावर येऊ लागतात. फूल आलं की खोडाची वाढ मंदावते. धाग्यासाठी लावलेल्या पिकात खोडच आखूड राहिलं, तर विकायचं काय?

याचं कारण शंभराहून अधिक वर्षांपासून माहीत आहे आणि गंमत म्हणजे ते याच झाडाने सांगितलं. जुलियां तूर्न्वा या तरुण फ्रेंच संशोधकाने १९१२ च्या सुमारास हिवाळ्यात काचघरात वाढवलेल्या हेम्पच्या आणि जपानी हॉपच्या अगदी कोवळ्या रोपांना अवेळी फुलं आलेली पाहिली. दिवस आखूड होण्यापेक्षा रात्र लांबणं यामागे असावं, असा निष्कर्ष त्याने १९१४ मध्ये मांडला. त्याच वर्षी पहिल्या महायुद्धात तो मारला गेला. पुढे १९२० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अॅलर्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून हा नियम पक्का केला, आणि श्रेय त्यांच्या नावावर गेलं. मराठीत याला दीप्तिकालिता म्हणतात. पानांतलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य अखंड अंधार किती तास टिकला याचा अंदाज झाडाला देतं. हेम्प लघुदिनी वनस्पती आहे. रात्र ठरावीक मर्यादेपलीकडे लांबली की ती फुलते.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे नवं नाही. पाऊस लांबून सोयाबीनची पेरणी जुलैअखेर झाली की झाड बुटकं राहतं आणि लवकर फुलतं, हा अनुभव दर दोनचार वर्षांनी येतोच. सोयाबीनही लघुदिनीच.

आता आकडे मांडून पाहू. हेम्पच्या अनेक वाणांत दिवसाची ही मर्यादा १४ तासांच्या आसपास आहे. पॅरिसला २१ जूनचा दिवस १६ तासांहून मोठा असतो. म्हणजे एप्रिलअखेरपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तिथल्या रोपाला वाढायला मोकळं रान मिळतं. डेहराडूनला वर्षातला सर्वांत मोठा दिवस जेमतेम १४ तास ५ मिनिटांचा. एप्रिलच्या सुरुवातीला तो साडेबारा तासांच्याही आत असतो. तेव्हा पेरलेलं युरोपीय वाण उगवल्यापासूनच ‘हिवाळा जवळ आला’ असा इशारा घेत राहतं. रोपाचा बालपणाचा काळ, ज्यात असा इशारा त्याला लागू होत नाही, हेम्पमध्ये लहान असतो. तो सरला की कळ्या. पुण्यात तर सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आत संपतो.

यात सूक्ष्म फरकही मोठे ठरतात. फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, दिवसाच्या लांबीत केवळ १५ मिनिटांचा फरक पडला तरी काही वाणांचा फुलोरा बदललेला दिसला. अगदी मंद प्रकाशही झाडाला जाणवत होता. पंधरा मिनिटं म्हणजे एक-दोन आठवड्यांचा पेरणीतला फरक किंवा काही अंशांचा अक्षांशातला. आपल्याकडच्या चर्चेत हे पंधरा मिनिटांचं गणित औषधालाही सापडत नाही.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. ‘रोपांना ऊन कमी पडतं’ आणि ‘दिवस लहान पडतो’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रकाश हे झाडाचं अन्न आहे आणि घड्याळही. अन्नासाठी भरपूर, थेट ऊन लागतं. घड्याळाला पहाटेचं झुंजुमुंजू पुरतं. डोंगराच्या कुशीतल्या शेतावर सूर्य नऊला चढत असेल, पण आकाश पाचला उजळलेलं असतं आणि रोपाने दिवस तिथूनच मोजायला घेतलेला असतो. त्यामुळे दरीतल्या रोपाची उपासमार होऊ शकते, पण म्हणून ते फार लवकर फुलेल असं नाही. उलट उघड्या टेकडीवरचं भरपूर उन्हातलं रोपही चुकीच्या अक्षांशाचं असेल तर अकाली फुलेल. दाट सावलीतली रोपं लांबट, पिवळसर, लुळी होतात, ते वेगळं दुखणं. ट्रेमध्ये वाढवलेली रोपं एकदम उघड्यावर नेली की पानं करपतात, तेही वेगळं. त्यावर शेडनेट हळूहळू काढत आठवडा-दहा दिवस रोपं उन्हाला सरावून घेणं हा कोणत्याही रोपवाटिकेतला उपाय इथेही चालतो. घड्याळाचं दुखणं शेडनेटने बरं होत नाही.

मग रात्री दिवे लावावेत का? पॉलिहाऊसमध्ये शेवंती घेणारे तेच करतात. मध्यरात्री काही तास मंद दिवे लावून रात्र ‘तोडली’ की फुलोरा लांबतो. कोलंबियात औषधी कॅनाबिसच्या रोपांनाही असा प्रकाश देतात. मात्र तिथे फुलाला भाव आहे. धाग्याचं पीक दाट आणि फोकून पेरायचं असतं. कुमाऊंच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात खांब, तारा आणि दिवे यांचा खर्च दोरखंडाच्या किमतीतून निघणार नाही.

स्थानिक बियाणं वापरावं, हा दुसरा सल्ला. ते इथल्या रात्रींना सरावलेलं आहे, पावसाळ्यात उंच वाढतं, शरदात फुलतं. गढवालात त्याच्या धाग्यापासून भंगेला नावाचं जाडंभरडं कापड विणत, आणि कुमाऊंच्या स्वयंपाकात त्याच्या बियांची चटणी आजही होते. अडचण अशी की हिमालयातल्या या झाडांत टीएचसी बहुधा ०.३ टक्क्यांच्या वर असतं. म्हणजे घड्याळ बरोबर असलेलं बियाणं कायद्यात बसत नाही, आणि कायद्यात बसणाऱ्या बियाण्याचं घड्याळ चुकलेलं. परवाना काढलेला शेतकरी या दोहोंच्या मध्ये उभा आहे. पीक खुजं राहिलं तर तोटा त्याचा, मर्यादेवर गेलं तर शेतावर येणारी यंत्रणाही त्याच्याच दारात. त्यातच फुलोरा पुढे सरकतो तसं टीएचसी वाढत जातं. म्हणून अमेरिकेत काढणीच्या आधीच्या ३० दिवसांत नमुने घेण्याचा नियम आहे. शेतकऱ्याला कापणीची तारीख ठरवायची तर फुलाची तारीख आधी ठाऊक हवी. ती कोवळ्या रोपाने पाहिलेल्या रात्रींवर ठरते.

‘डोंगरातल्या कडक उन्हाने नशा वाढते’ असंही सांगितलं जातं. अतिनील किरणांनी टीएचसी वाढल्याचं १९८७ च्या एका अमेरिकी प्रयोगात दिसलं होतं, पण ते नशेच्या वाणात. धाग्याच्या वाणात नाही. अलीकडच्या प्रयोगांत तेवढाही परिणाम आढळला नाही. टीएचसी किती, हे मुख्यतः वाणाच्या जनुकांत ठरलेलं असतं. उन्हाला दोष देऊन बियाण्याचा प्रश्न टाळता येणार नाही.

तो सोडवून दाखवला आहे चीनच्या युन्नान प्रांताने. कुनमिंग २५ अक्षांशावर, म्हणजे डेहराडूनच्याही दक्षिणेला. तिथल्या कृषी विज्ञान अकादमीने स्थानिक झाडांतूनच निवड करत ‘युनमा-१’ हे कमी टीएचसीचं वाण २००१ मध्ये आणलं आणि परवान्यांची नियमावली २०१० मध्ये लागू झाली. आधी बियाणं, मग परवाने. आपण क्रम उलटा धरला. संशोधन इथे नाही असं नाही. जम्मूच्या सीएसआयआर संस्थेत कॅनाबिसवर काम चालू आहे. पण वाण तयार करायला आठ-दहा हंगाम जातात, आणि महसुलाची गणितं पुढच्या अर्थसंकल्पाची असतात.

महाराष्ट्रात अशी परवान्याची व्यवस्था नाही; विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तरी ‘नवं नगदी पीक’ म्हणून हेम्पची मागणी इथेही अधूनमधून होते. तेव्हा लक्षात ठेवावं की दख्खनच्या रात्री डेहराडूनपेक्षाही उन्हाळ्यात लांब आहेत. धागाच हवा असेल तर अंबाडी आणि ताग इथल्या रात्रींना पिढ्यान् पिढ्या सरावलेले आहेत, आणि त्यांच्यासाठी प्रयोगशाळेचा दाखलाही लागत नाही.

पालमपूर आणि नौणीचा अहवाल येईल तेव्हा बहुतेकांची नजर आधी टीएचसीच्या रकान्याकडे जाईल. त्याशेजारी पेरणीची तारीख, शेताची उंची आणि पहिल्या कळीची तारीख हे तीन रकाने आहेत का, एवढं पाहिलं तरी पुढच्या हंगामात कुणी परवान्यासाठी अर्ज करावा आणि कुणी थांबावं, हे बरंचसं कळेल.