आत्याकडचं कासव

पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हसा यात्रेत गुरांचा बाजार भरला की आमच्याकडचा कुणीही माणूस अर्धा पशुवैद्य होतो. बैलाचे दात बघून आदत की दोनदाती ते सांगतो, चार पावलं चालवून खूर ओळखतो. माझा आतेभाऊ तर नुसत्या रवंथावरून जनावराची तब्येत सांगणारा. त्याच्याच घरात एका कासवाची पाठ कुजत होती आणि कुणाला, अगदी मलाही, पत्ता नव्हता.

कासव वहिनीच्या माहेरून आलेलं. वास्तूला बरं म्हणून. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या. देवळात नंदीपाशी दगडाचं कासव असतंच, मग घरात जिवंत असलं तर काय बिघडलं, हा आत्याचा हिशेब. मुक्काम मोरीत, कारण कासवाला पाणी लागतं. जेवायला पोळी, दूधभात, कधी काकडी.

श्रावणात गेलो तेव्हा पुतणीने त्या पाठीला नेलपॉलिश फासलं होतं. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात, तसं. ते काढायला बसलो तर बोटाखाली एक खवला हलला. आत पांढुरकं, ओलं. आणि न विसळता ठेवलेल्या दुधाच्या किटलीसारखा वास.

"अरे, रोज खोबरेल लावते मी, हळद घालून," आत्या म्हणाली.

तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर आधी हसले. "मी गाई-म्हशींचा माणूस." पण त्यांनी ते उलटं धरून पोटाच्या कडेला बोट दाबलं. कड किंचित दबली. मग हसू गेलं.

त्यांच्याकडून कळलं ते असं. कासवाची पाठ म्हणजे त्याच्या फासळ्या आणि कणा जुळून झालेलं जिवंत हाड. वरचे खवले शिंगा-खुरांच्याच जातीचे. पाठीला स्पर्श कळतो, जखम झाली तर रक्तही येतं. खवल्याखाली ओल मुरली की बुरशी आणि जिवाणू हाडापर्यंत पोचतात, वरून तेल चोपडलं की ती ओल आतच कोंडते. कड दबते ती कॅल्शियम कमी आणि ऊन नाही म्हणून. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही, हाडाला लागणारे किरण काच अडवते. पोळी-दूधभात तर त्याच्या पोटाचं अन्नच नव्हे. गवत, पाला, निवडुंगाची फडी हे त्याचं जेवण. पाठीवरच्या टेंगळांना मात्र आम्ही उगाच घाबरलो होतो. या जातीला थोडे उंचवटे असतातच. ते फार वाढले तरच खाण्यात किंवा हवेत खोट समजायची.

शिवाय हे प्राणी कोरड्या मुलखातले. गुजरात, आंध्र, तमिळनाडूची काटेरी झुडपं हे यांचं घर. आमच्या डांगी बैलाच्या कातडीला तेल सुटतं, म्हणून तो कोकणातला पाऊस अंगावर घेतो. चांदणी कासवाला ती सोय नाही. त्याला आम्ही मुरबाडच्या पावसाळ्यात, तेही मोरीत ठेवलं.

डॉक्टरांनी जखम पातळ केलेल्या आयोडीनने पुसली, कोरडं ठेवा म्हणाले. पाठ भरून यायला महिने लागतात, कधी वर्षही. पुढचं बोलताना आवाज खाली आला. चांदणी कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. घरी ठेवणं गुन्हा, दोषी ठरलं तर 3 ते 7 वर्षं कैद. 2019 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारालाही बंदी आहे. असली कासवं विकणारा हे कशाला सांगतोय?

आतेभावाने लगेच तोड काढली, "रात्री बारवी धरणात सोडून येतो." बरं झालं मी तिथे होतो. हे जमिनीवरचं कासव, त्याला पोहता येत नाही. धरणात ते बुडून मेलं असतं. दोन दिवस घरात नुसती कुजबुज चालली. शेवटी मीच वनखात्याच्या 1926 वर फोन लावला, छातीत धडधड घेऊन.

वनरक्षक आले. सभ्य होते. कासव हवेशीर खोक्यात गवतावर ठेवलं, व्हरांड्यात बसून पंचनामा लिहिला: 'कासव, जिवंत, 1 नग.'

आत्या चष्मा लावून मागून वाचत होती. "नग काय म्हणता? आणि त्याला काकडी आवडते, तेही लिहा."

ते त्यांनी लिहिलं नाही. पण जाताना तिच्या हातातली काकडी मात्र घेतली.